मथुराची वीत

वाघओढ्यावरचा पूल सही केलेल्या माणसालाच धरतो. ज्यानं सही केली नाही त्याच्यासाठी तिथं नुसती हवा आहे आणि हवेखाली पाणी.

हे कळायला आम्हाला दीड दिवस लागला. वाळिंबे भाऊसाहेब, म्हणजे आमच्या उंबरदऱ्याचे ग्रामसेवक, जानेवारीतल्या एका सोमवारी घरोघर एक कागद घेऊन फिरले. वर लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणी केली असता वाघओढ्यावरील पूल पूर्ण व समाधानकारक आढळला.' खाली मतदारयादीच्या क्रमानं एकशे साठ नावं. ओढ्यावर तेव्हा काय होतं? अलीकडच्या काठाला योजनेचं नाव लिहिलेला एक फलक, आणि फलकाच्या बुडाशी सिमेंटच्या सहा पिशव्या, दोन पावसाळे खाऊन दगड झालेल्या. पूल नव्हता. लोकांनी तरी सह्या केल्या. कुणी घरकुलाच्या यादीत नाव अडकलंय म्हणून, कुणी दाखला हवाय म्हणून, आणि बरेचसे दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून.

यादीत पहिलं नाव बाळूनाना आगवणेंचं. सही करून ते संध्याकाळी म्हशीला पाण्यावर घेऊन गेले. ओढ्याच्या कडेला बसायला म्हणून टेकले ते काठाच्या पुढं, हवेत टेकले. पडले नाहीत. त्यांच्या बुडाखाली वीतभर काहीतरी टणक होतं.

"अगं, बसलो की मी!" नाना म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक, तिथं म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

मंगळवारी दुपारपर्यंत दुसऱ्या सहीची वीत नानांच्या वितीला लागली, तिसऱ्याची दुसऱ्याला. जशा सह्या पडत गेल्या तसा पूल पुढं सरकत गेला. एका सहीला एक वीत, म्हणजे नऊ इंच. मी हे आकडे ऐकून सांगत नाही. मी कपडे शिवते. एकशे साठ विती म्हणजे एकशे वीस फूट आणि आमचा ओढा काठापासून काठापर्यंत तेवढाच भरतो. कोण म्हणतं सरकारी अंदाजपत्रक चुकीचं असतं?

सगळे जायला लागले. बायका डोक्यावर दळण घेऊन हवेतून चालायला लागल्या. तान्ही मुलं कडेवर गेली, आईची सही लेकराला पुरायची. जनावरं खालून, दगडी फरशीवरून जायची. जनावरांना सही नसते. फक्त मधोमध एका जागी प्रत्येकजण थांबायचा, परकर किंवा धोतर वर घ्यायचा आणि उडी टाकायचा. तिथं यादीतला सत्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी नंबर मोकळा होता. सत्याऐंशी मथुरा लचके, म्हणजे मी. अठ्ठ्याऐंशी तेजल लचके, माझी मुलगी, जी त्या सोमवारी घरी नव्हती.

मला राग आला होता हे खरं, पण रागाआधी कुतूहल आलं. मी परकर खोचून फरशीवरून ओढ्यात उतरले आणि पुलाखाली जाऊन उभी राहिले. वर पाहिलं. पूल नव्हता. तळवे होते. आगवणेंच्या थोरल्या सुनेची भेगाळलेली टाच, शाळेच्या मास्तरांच्या बुटाचा झिजलेला कोपरा, कुणाच्या तरी चपलेला चिकटलेला शेणाचा गोळा. डोक्यावरून गाव चाललं होतं. मी बांबू घेऊन वर ढोसला. मास्तरांच्या दोन पावलांच्या मधून तो सरळ आरपार गेला.

"कोण आहे खाली?" मास्तर ओरडले.

"मी आहे. तुम्ही कशावर उभे आहात, मास्तर?"

त्यांनी एक बूट मागं घेतला. मग म्हणाले, "असं खालून विचारू नका हो. पाय लटपटतात."

मग मी काठावर येऊन माझा उजवा पाय नानांच्या वितीवर ठेवला. तो घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि मी फलकाला धरून वाचले. शेजारून चार बायका पाण्याच्या कळशा घेऊन हसत हवेत निघून गेल्या.

*

भाऊसाहेब माझ्याकडे तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि चहा मागितला, म्हणजे आता घरच्यासारखं बोलायचं ठरवून आले होते.

"ताई, एक सही. एकशे अठ्ठावन्न लोक वेडे आहेत का?"

"वेडे नाहीत. भिडस्त आहेत."

"पूल चालू झालाय. लोक चालतायत. तुम्हाला दिसतंय ना डोळ्यानं?"

"लोक दिसतात. पूल दिसत नाही."

"सही केल्यावर दिसेल."

"भाऊसाहेब, दिसल्यावर सही करायची असते."

त्यांनी चहा बशीत ओतला. "अहो, ढोणेसाहेबांनी मोजमाप पुस्तिकेत मोजमाप लिहिलंय. छत्तीस मीटर. शाखा अभियंता माणूस. तो खोटं लिहील?"

"ते मोजायला कधी आले होते?"

"आले नव्हते. अंदाजपत्रकावरनंच लिहितात. सगळीकडे तसंच लिहितात."

मी टेबलावरची माझी वही पुढं केली. तीही मोजमाप पुस्तिकाच आहे. गावातल्या प्रत्येक बाईची छाती, कंबर, खांदा, बाहीचा घेर, तारखेसकट. माझ्या सासऱ्यांनी मला मशीनवर बसवलं त्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, अंगाला टेप लागल्याशिवाय वहीत आकडा चढवायचा नाही. मी आजवर चढवलेला नाही. सहावीपर्यंत शाळा झाली माझी. पुढचं वाचायला मी सरकारी कागदांवर शिकले, म्हणून मला ठाऊक आहे की कागदावरचं प्रत्येक वाक्य कुणीतरी माणूस लिहितो आणि त्या माणसाला नाव असतं.

"मग साहेबांना सांगा, येऊन मोजा," मी म्हणाले. "माझ्यासमोर. मी लगेच सही करते."

भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. "तुमची वीत मोकळी राहील तोवर फाईल बंद होत नाही, ताई."

"तेच म्हणते मी. उघडी राहू दे."

ते गेल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं की माझ्याकडे काय आहे. पूल न बांधता खाल्लेल्या त्या सगळ्या कामात एकच जागा त्यांना गिळता आली नव्हती आणि ती नऊ इंचांची होती.

*

बाळूनाना त्या जागेत अडकले. वय झालं, उडी पुरली नाही. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि ते तिथंच बसले, हवेत, एक पाय पसरलेला आणि एक खाली लोंबता. मी काठावरून पाहत होते. सगळा पूल थांबला. मागं दळणवाल्या, पुढं दूधवाला.

"मथे!" नाना तिथून ओरडले. "तुझ्या वितीत पाय अडकला माझा!"

"माझी वीत नाही ती, नाना. माझी असती तर तुम्ही पडला नसता."

"कर की मग सही, भवाने! तुझ्या सहीला काय सोनं लागलंय?"

"तुमच्याला काय लागलं होतं?"

"माझा नातू लावायचाय शिपाई म्हणून," ते म्हणाले. एवढ्या माणसांसमोर, पाय लोंबत असताना, सरळ सांगून टाकलं. नानांचं हे मला आवडतं.

दोघांनी बगलेत हात घालून त्यांना वर ओढलं. धोतर फाटलं. संध्याकाळी तेच धोतर घेऊन ते माझ्याकडे आले, टाके घालायला. मी पैसे घेतले नाहीत. नाना उंबऱ्यात बसून म्हणाले, "लोक त्याला मथुराची वीत म्हणायला लागलेत. उद्या कुणी मेलंबिलं तिथं, तर तुझ्या नावावर मरंल."

"आणि पूल कुणाच्या नावावर आहे, नाना?"

"पूल सगळ्यांच्या नावावर आहे," नाना म्हणाले. "खड्डा तेवढा तुझा."

*

सरपंच छाया माझ्याकडेच ब्लाऊज शिवते. ती निवडून आली तेव्हा शपथेचा ब्लाऊज मीच शिवला होता, मोत्याची लेस लावून. जानेवारीच्या शेवटी ती कापड घेऊन आली. उद्घाटनाला साहेब लोक येणार होते.

"वहिनी, मागच्याच मापानं शिवा. घाईत आहे."

"हात वर कर."

"अहो, दोन वर्षांत काय फरक पडणार?"

मी टेप लावली. कंबर तीन इंच वाढली होती. तिनं आकडा पाहिला आणि दोघी हसलो. मग हसता हसताच ती म्हणाली, "वहिनी, माझंही ऐका. मी काय इंजिनिअर आहे? समोर ठेवतात, मी शिक्का मारते. तुम्ही एवढं ताणलंत तर वरून मला नोटीस येईल. ठेकेदाराला येणार नाही, साहेबाला येणार नाही. मला येईल."

"यायलाच पाहिजे. तू सरपंच आहेस."

तिचे वर केलेले हात खाली आले. "मग उद्याच्या ग्रामसभेला या."

मी गेले. ग्रामसभेला अकरा माणसं होती. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, गणपूर्ती नाही, सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरवली की तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणून ती दुसऱ्या दिवशी भरली, मला न कळवता, चार माणसांत. त्यांनी एकच ठराव केला: 'पूल पूर्ण झाल्याने ओढ्यातील जुनी दगडी फरशी निरुपयोगी ठरवून निर्लेखित करण्यात येत आहे.' निर्लेखित म्हणजे दप्तरातून कमी.

सकाळी मी ओढ्यावर गेले तर फरशी नव्हती. कुणी फोडली नव्हती, दगडाचा कपचासुद्धा पडलेला नव्हता. जिथं फरशी होती तिथं काळं, उभं पाणी होतं. मी एका दगडाला दोरा बांधून सोडला. एक रीळ संपलं. दुसरं जोडलं, तेही संपलं. तिसऱ्या रिळाचं टोक हातात आलं तरी दगड खालीच जात होता. जनावरं काठावर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मी या गोष्टीचा नियम माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. कागद बांधतो ते सही करणाऱ्यापुरतं बांधतो. कागद पुसतो ते सगळ्यांचं पुसतो.

आता मला पलीकडे जाता येत नव्हतं. रेशनचं दुकान पलीकडे गेलं, कारण गाव पलीकडे जात होतं. एसटीचा थांबा गेला. चक्की गेली. गिऱ्हाइकं कापडं घेऊन तालुक्याला जायला लागली. मी मशीनवर बसून राहायचे आणि खिडकीतून पूल न्याहाळायचे, म्हणजे हवेतल्या माणसांची रांग. त्यांच्या उड्या मोजायचा मला नाद लागला होता. दोन विती म्हणजे अठरा इंच, जमिनीवर साधं पाऊल, पण हवेत म्हातारीला धाप लागेल अशी उडी.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी त्यांच्या उड्या लहान झाल्या.

मी खिडकीशी उभी राहून पंधरा माणसं पाहिली. पंधराही जणांनी तिथं नुसतं लांबट पाऊल टाकलं. अंतर निम्मं झालं होतं. कुणाची तरी सही पडली होती आणि तिथं फक्त दोन नावं शिल्लक होती.

संध्याकाळी तेजल आली. पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढून तिनं मशीनवर ठेवलं. माझी रिळं ओढ्यात गेली होती, तिला ते माहीत होतं.

"कुठून आणलंस?"

"बाजारातून."

"गेलीस कशी?"

"सगळे जातात तशी."

मी रिळाला हात लावला नाही. तेजल अठरा वर्षांची आहे. तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिकेच्या हाताखाली शिकायचा सहा महिन्यांचा वर्ग त्या दिवशी सुरू झाला होता आणि तिचं नाव लागलं होतं. हे मला माहीत होतं. मी तिला म्हटलं होतं, थांब, खरा पूल होईल.

"कधी होईल, आई?" ती आता म्हणाली. "बोल ना. तू मापाशिवाय बोलत नाहीस ना? मग किती दिवस ते सांग."

मी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"तू भांडते आहेस ते खरं आहे. मला पटतंय. पण वर्ग आज सुरू झाला." ती पायांकडे बघत होती. "आणि मी तुझी वीत नाही भरली. कागदावर भाऊसाहेबांचं बोट तुझ्या नावावर होतं. म्हणाले, घरातलीच आहेस, दोन्ही करून टाक. मी माझी एकच केली."

"चालताना कसं वाटतं?" मी विचारलं. मला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

तेजलनं विचार केला. "इतरांच्या विती कशाही लागतात. काही भुसभुशीत आहेत. नानांची घट्ट आहे. माझ्या स्वतःच्या वितीवर पाय ठेवला की मात्र खाली बघवत नाही."

मी लाल रीळ घेतलं आणि डब्यात ठेवलं.

*

मी पंचायत समितीला अर्ज लिहिला: पुलाची प्रत्यक्ष मोजणी तक्रारदाराच्या समक्ष व्हावी. अर्ज पोचवायला तेजलच होती. "बघ हं आई," ती चपला घालताना म्हणाली, "पूल नाही म्हणून तुझा अर्ज, आणि पुलावरनंच चाललाय." मला हसू आलं, पण पूर्ण नाही आलं.

उत्तर मार्चमध्ये आलं. पोस्टमन माझ्या दारापर्यंत आला, पत्र दिलं आणि पाठ न फिरवता उलट्या पावलांनी परत गेला. पत्रात लिहिलं होतं: 'सदर पूल अनुक्रमांक ८७ येथे आपल्या स्वाक्षरीअभावी अपूर्ण असून, या अपूर्णतेस आपण व्यक्तिशः जबाबदार आहात. कामाचा दोषदायित्व कालावधी ३१ मार्च रोजी दुपारी बारा वाजता संपुष्टात येत आहे. तदनंतर कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही. आपल्या विनंतीनुसार मोजणी त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता होईल. मोजण्याचे साधन तक्रारदाराने आणावे.'

दोषदायित्व म्हणजे काम बिघडलं तर कुणाला धरायचं त्याची मुदत. ती संपली की धरायला कुणी नाही.

माझ्याकडे साठ इंची टेप होती. ओढ्याला तशा चोवीस लागतील. मी जुन्या ब्लाऊजांची अस्तरं उसवली, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि एकशे वीस फुटांची टेप शिवायला घेतली. दर इंचाला निळा टाका. दर वितीला लाल टाका, तेजलच्या रिळातला. लाल टाके घालताना मी नावं म्हणत गेले. पहिला बाळूनाना. बारावा मास्तर. त्रेचाळिसावी छाया. शहाऐंशीव्या टाक्यानंतर मी नऊ इंच कोरे सोडले आणि अठ्ठ्याऐंशीवा टाका घातला. तो मी तीनदा उसवून पुन्हा घातला, कारण सरळ येत नव्हता.

मला वाटत होतं मी जिंकणार. आकडा एकदा त्यांच्या पुस्तिकेत खरा पडला की फाईल उघडी राहील, चौकशी लागेल, आणि तेजलला खऱ्या दगडा-सिमेंटवरून चालता येईल. एवढंच हवं होतं मला. टेप अंगाला लावायची आणि जे येईल ते लिहायचं.

*

एकतीस मार्चला सकाळी अकरा वाजता ढोणेसाहेब पलीकडच्या काठावर आले. लहानसर चणीचा, घामट माणूस. बगलेत मोजमाप पुस्तिका. त्यांच्या मागं भाऊसाहेब आणि छाया, मी शिवलेल्या ब्लाऊजमध्ये. तो तिला नीट बसला होता.

आणि पुलावर गाव होतं. कुणी बोलावलं होतं की आपणच आलं होतं, मला कळलं नाही. जवळजवळ सगळी माणसं हवेत ओळीनं उभी होती, आपापल्या वितीवर, यादीच्या क्रमानं. लेकरं खांद्यावर. काठाला अगदी लागून नाना उभे होते, माझ्यापासून हातभर. खाली काळं पाणी हलत नव्हतं.

"साहेब, या की पुलावर," मी ओरडले.

"मी चढत नाही," ढोणेसाहेब पलीकडून म्हणाले. "माझी सही तपासणाऱ्याची आहे. चालणाऱ्याची नाही."

"मग टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

"तक्रारदाराचा प्रतिनिधी. सही केलेला."

तेजल त्यांच्या बाजूनं आली. दवाखान्याचा पांढरा कोट अंगात होता. साहेबांनी पुस्तिका आणि पेन तिच्या हातात दिलं. ती माणसांच्या कडेकडेनं हवेतून माझ्यापर्यंत आली, मी टोक माझ्याकडे ठेवून टेपची गुंडाळी तिला दिली आणि ती ती उलगडत परत निघाली. टेप तिच्या हातातून एकेक लाल टाका सोडत गेली. ज्याच्या समोरून जाई तो माणूस आपला टाका बघायचा. नानांनी तर हात लावून पाहिला.

ती मधोमध पोचली. एक पाय शहाऐंशीवर ठेवला, दुसरा अठ्ठ्याऐंशीवर. दोन्हींच्या मधून मला पाणी दिसत होतं.

"तिथंच थांब," ढोणेसाहेब म्हणाले. "वादाची जागा तीच. आता बाई, तुम्ही लांबी सांगा, ती लिहील. तुम्ही सांगाल तीच धरली जाईल, माझी आधीची नोंद रद्द. पण पुस्तिकेत खाडाखोड चालत नाही."

"जे आहे ते सांगेन."

"हो. पूल आहे म्हणालात तर छत्तीस मीटर. नाही म्हणालात तर शून्य. नऊ इंच कमी वगैरे रकाना नाही."

तेव्हा मला कळलं. मी हवेतल्या माणसांकडे बघितलं. मास्तर, दळणवाल्या, दूधवाला, खांद्यावरची पोरं. कागद पुसतो ते सगळ्यांचं पुसतो. मीच लिहिलं होतं.

"सगळे आधी खाली उतरा," मी म्हणाले. "काठावर या. मग सांगते."

कुणी हललं नाही.

"रिकामा पूल मोजता येत नाही," पलीकडून ढोणेसाहेब म्हणाले. "टेप कशावर ठेवणार?"

"नाना, उतरा. तुम्ही काठालाच आहात. एक पाऊल."

नानांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी उतरलो तर खरं काय ते कबूल केल्यासारखं होतं, मथुरा," ते हळू म्हणाले. मला मथे म्हणाले नाहीत.

"तुम्हाला ठाऊक आहे ना खरं काय ते?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर खाली बघत नाही कुणी."

मागून कुणीतरी ओरडलं, "आकडा सांगा की, ऊन लागतंय!" दोघंचौघं हसले. छाया हसली नाही. तिच्या नावाचा टाका मोकळाच होता. तिच्या वितीवर कुणी नव्हतं, ती साहेबांशेजारी जमिनीवर उभी होती आणि आपल्या चपलांकडे बघत होती.

"तेजल, तू इकडं ये," मी म्हणाले.

"मी हलले तर टेप सुटेल, आई."

"सुटू दे."

"मग आकडा ते लिहितील," ती म्हणाली. "बारापर्यंत मुदत आहे. पावणेबारा झालेत." तिचा आवाज शांत होता. दवाखान्यात शिकली असेल. तिनं पुस्तिका डाव्या हातावर उघडली, टेप त्याच हाताच्या बोटाला गुंडाळली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

मी माझ्या हातातलं टेपचं टोक पाहिलं. तिथं शून्य होतं. टेपचं धरायचं टोक शून्याचंच असतं. लांब कापड दोघींनी धरून मोजलं की आकडा दुसरीच्या हातात येतो, आणि शिवणारी तिला विचारते, किती झालं गं? आज उलटं झालं होतं.

"आई," तेजलनं विचारलं, "किती लिहू?"

पुलावरचं सगळं गाव माझ्याकडे वळलं. टेप माझ्यापासून तिच्यापर्यंत अगदी सरळ होती, कुठंही झोळ नव्हता, शहाऐंशी लाल टाके उन्हात एका ओळीत होते आणि पुढं नऊ इंच कोरे. मी टोक मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट गुंडाळलं, टाचा जमिनीत रोवल्या आणि म्हणाले, "शून्य." तेजलचं पेन पुस्तिकेवर टेकलं.

टेप जड झाली.